पिसू, प्लेग आणि मराठी इतिहासलेखन : एक चिकित्सक अभ्यास

प्रस्तावना

विदर्भात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, पाडव्याला, मारबत काढली जाते. नागपूरच्या काळ्या व पिवळ्या मारबतीच्या मिरवणुका सर्वपरिचित आहेत. यवतमाळ जिल्ह्यासह विदर्भातील खेड्यापाड्यांतही पाडव्याच्या सकाळी ईडा-पीडेला गावाबाहेर घालविण्याची प्रथा आहे. या वेळी दिल्या जाणाऱ्या हाळ्यांत खोकला, रोगराई यांच्या जोडीने डास आणि ढेकूण यांनाही गावाची वेस ओलांडण्यास सांगितले जाते. लोकमानसाने रोग आणि कीटक यांना एकाच ओळीत बसविले आहे, ही बाब अभ्यासकाने सहज सोडून द्यावी अशी नाही. कारण मराठीतील लिखित इतिहासाने ही ओळ बहुतांशी मोडलेली दिसते. त्यात रोग आहे, रोग्यांची सेवा आहे, रोगनिवारणाच्या नावाखाली झालेले अत्याचार आहेत. रोग वाहून आणणारा कीटक मात्र क्वचितच आहे.

जगाच्या इतिहासात कीटकांचे स्थान आता मान्य झालेले आहे. हॅन्स झिन्सर यांनी १९३५ मध्ये ‘रॅट्स, लाइस अँड हिस्टरी’ या ग्रंथात उवांमुळे पसरणाऱ्या टायफस ज्वराची जणू चरित्रकथाच लिहिली. विल्यम मॅकनील यांच्या १९७६ मधील ‘प्लेग्ज अँड पीपल्स’ने साथीच्या रोगांना साम्राज्यांच्या इतिहासात जागा मिळवून दिली, तर जॉन मॅकनील यांनी ‘मॉस्किटो एम्पायर्स’ (२०१०) या ग्रंथात कॅरिबियन प्रदेशातील सत्तासंघर्षात डासांनी बजावलेली भूमिका उलगडून दाखविली. १८०२ मध्ये हैतीत उतरलेले नेपोलियनचे सैन्य पीतज्वराने खचले, त्याचा सेनापती लक्लेर्क त्याच रोगाने मरण पावला आणि पुढच्याच वर्षी फ्रान्सने लुईझियानाचा विस्तीर्ण प्रदेश अमेरिकेला विकून टाकला, ही घटना या संदर्भात नेहमी सांगितली जाते. परंतु असे उदाहरण शोधण्यासाठी हैतीपर्यंत जाण्याचे कारण नाही. १८९६ नंतरच्या महाराष्ट्राचा इतिहास एका पिसवेने किती बदलला, हा प्रश्न आपल्याकडे पुरेशा गांभीर्याने विचारलाच गेला नाही.

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत :
१) १८९६-९७ च्या प्लेगसंबंधी मराठीतील लेखनाच्या प्रमुख धारा तपासणे.
२) या लेखनात रोगवाहक कीटकाचा अभाव का आहे व त्यामुळे अर्थनिर्णयनात कोणत्या उणिवा राहिल्या, हे दाखविणे.
३) विदर्भाच्या, विशेषतः यवतमाळ जिल्ह्याच्या संदर्भात या चर्चेचे आजचे महत्त्व स्पष्ट करणे.

१८९७ : तीन तारखा

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकॅसिओ व्हिएगस यांना प्लेगचे रुग्ण आढळले. मांडवी हा बंदरालगतचा, धान्याच्या वखारींचा भाग होय. पुढील काही महिन्यांत मुंबईतून लाखो लोक गावाकडे निघून गेले. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा अस्तित्वात आला आणि पुढे पुण्यात वॉल्टर चार्ल्स रँड याच्या अध्यक्षतेखाली प्लेग समिती काम करू लागली. त्यानंतरची हकिगत मराठी वाचकास पाठ आहे. सोजिरांकडून घरांची झडती, रुग्णांना इस्पितळात व त्यांच्या आप्तांना छावणीत हलविणे, सामानाची नासधूस, देवघरापर्यंत व माजघरापर्यंत पोहोचलेले बूट आणि अखेरीस २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंड रस्त्यावर दामोदर व बाळकृष्ण चापेकर यांनी रँड व लेफ्टनंट आयर्स्ट यांच्यावर झाडलेल्या गोळ्या.

या पहिल्या तारखेच्या शेजारी आणखी दोन तारखा ठेवून पाहणे आवश्यक आहे. २० ऑगस्ट १८९७ रोजी, म्हणजे रँडवरील हल्ल्यानंतर दोन महिन्यांच्या आत, सिकंदराबाद येथे रोनाल्ड रॉस यांना डासाच्या जठराच्या भिंतीत हिवतापाच्या परोपजीवीची अवस्था दिसली. १८९८ मध्ये कराची येथे पॉल-लुई सिमों या फ्रेंच वैद्यकाने प्लेगचा जंतू उंदरावरील पिसवेमार्फत संक्रमित होतो, हे प्रयोगाने दाखविले. जंतूचा शोध १८९४ मध्येच हाँगकाँगला अलेक्झांडर येर्सिन यांनी लावला होता. परंतु तो माणसापर्यंत पोहोचतो कसा, हे १८९७ च्या पुण्यात ना रँडला ठाऊक होते ना केसरीकारांना. ज्या दोन शोधांनी साथीच्या रोगांचे आकलन आमूलाग्र बदलले, त्यांच्या अगदी उंबरठ्यावर पुण्यातील संघर्ष घडला.

सिमों यांचा निष्कर्ष तत्काळ स्वीकारला गेला नाही. त्या वेळच्या प्लेग आयोगाने तो ग्राह्य मानला नाही. पुढे १९०४-०५ च्या सुमारास मुंबईत डब्ल्यू. ग्लेन लिस्टन यांनी व त्यानंतर परळच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या संशोधकांनी गिनीपिगांवरील प्रयोगांच्या आधारे पिसवेची भूमिका निर्विवादपणे सिद्ध केली. ही प्रयोगशाळा आज हाफकिन संस्था म्हणून ओळखली जाते. ज्या शहरातून प्लेग महाराष्ट्रभर पसरला, त्याच शहरात त्याच्या वाहकाचा अंतिम पुरावा मिळाला, ही गोष्ट मराठी इतिहासग्रंथांत अभावानेच आढळते.

मराठी लेखनाच्या तीन धारा

प्लेगविषयक मराठी लेखनाच्या ढोबळमानाने तीन धारा सांगता येतील.

पहिली धारा राष्ट्रीय संघर्षाची. केसरीतील लेख, टिळकांवरील राजद्रोहाचा खटला व त्यांना झालेली अठरा महिन्यांची शिक्षा, १८ एप्रिल १८९८ रोजी फाशी गेलेल्या दामोदर चापेकरांचे तुरुंगात लिहिलेले आत्मवृत्त, गोखल्यांना मागावी लागलेली माफी यांभोवती ही धारा फिरते. टिळकचरित्रे, गंगाधर गाडगीळ यांची ‘दुर्दम्य’ ही कादंबरी, ‘२२ जून १८९७’ हा १९७९ चा चित्रपट या सर्वांना याच धारेने सामग्री पुरविली. येथे प्लेग हा निमित्तमात्र आहे. खरा रोग परकीय सत्ता होय आणि खरा वाहक गोरा सोजीर होय, असे या धारेचे रूपक आहे. रूपक म्हणून ते प्रभावी आहे यात शंका नाही. मात्र रूपकाने वस्तुस्थितीची जागा घेतली की इतिहासदृष्टी उणी पडते.

दुसरी धारा सेवेची. सावित्रीबाई फुले यांनी मुंढव्याजवळील वस्तीतून पांडुरंग बाबाजी गायकवाड या मुलास पाठीवर घेऊन डॉ. यशवंतरावांच्या दवाखान्यात आणले आणि त्यातच संसर्ग होऊन १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले, ही घटना या धारेचा केंद्रबिंदू आहे. पंडिता रमाबाईंनी पुण्याच्या प्लेग इस्पितळातील स्त्रियांच्या अवस्थेविषयी १८९७ मध्येच ‘बॉम्बे गार्डियन’मधून जाहीर तक्रार केली. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’त प्लेगचे दिवस घरातल्या बाईच्या नजरेने येतात. या धारेत शरीराला, सेवेला आणि भयाला जागा आहे. म्हणून ती पहिल्या धारेपेक्षा रोगाच्या अधिक जवळ जाते. तथापि येथेही रोग एका माणसाकडून दुसऱ्या माणसाकडे जातो, असाच समज अध्याहृत राहतो.

तिसरी धारा मौखिक आहे व तिची नोंद सर्वांत कमी झाली आहे. ‘उंदीर पडणे’ हा शब्दप्रयोग याच धारेने मराठीला दिला. घरात उंदीर पडू लागले की गाव सोडायचे, शेतात झोपड्या घालून राहायचे, असा शहाणपणा लोकांनी अनुभवातून मिळविला. पिसवेचे शास्त्र ठाऊक नसतानाही हे वर्तन शास्त्राला धरून होते. उंदीर मेला की त्याचे शरीर थंड होते आणि उपाशी पिसवा दुसऱ्या उबदार शरीराच्या शोधात निघतात. अशा पिसवेच्या अन्नमार्गात जंतूंचा बोळा अडकलेला असतो. त्यामुळे तिची भूक भागत नाही, ती पुन्हा पुन्हा चावते आणि प्रत्येक चाव्यागणिक जंतू रक्तात सोडते. मेलेल्या उंदरापासून दूर जाणे, हाच त्या काळी उपलब्ध असलेल्या उपायांपैकी अत्यंत परिणामकारक उपाय होता. सरकारी यंत्रणा रोगी शोधत होती; लोक उंदीर पाहत होते. या मौखिक ज्ञानाची दखल पहिल्या दोन्ही धारांनी घेतली नाही.

कीटकाच्या अभावाने राहिलेल्या उणिवा

कीटकाला वगळल्यामुळे मराठी इतिहासलेखनात किमान तीन उणिवा राहिल्या असे म्हणावे लागेल.

पहिली उणीव कार्यकारणभावाची. मे १८९७ च्या सुमारास पुण्यातील साथ ओसरली. सरकारी बाजूने याचे श्रेय रँडच्या कठोर उपायांना दिले. राष्ट्रीय बाजूने त्या उपायांतील अमानुषतेवर बोट ठेवले. परंतु साथ ओसरण्याचे कारण काय, हा प्रश्न दोन्ही बाजूंनी जवळजवळ सोडून दिला. दख्खनमधील प्लेग ऋतुचक्राला बांधलेला होता. कडक व कोरड्या उन्हाळ्यात पिसवेचे आयुष्य घटते व तिच्या अन्नमार्गातील बोळाही नीट तयार होत नाही. साहजिकच उन्हाळ्यात साथ उतरते आणि पावसाळ्यानंतर डोके वर काढते. त्याच वर्षाच्या उत्तरार्धात पुण्यात प्लेग पुन्हा उद्भवला, यावरून रँडच्या यशाचा दावा किती तकलादू होता हे स्पष्ट होते. झडत्यांवरील टीकेला याहून बळकट आधार मिळाला नसता. जो छळ लोकांनी सोसला, त्याने साथ मुळातून थांबलीच नाही, हा आरोप पिसवेच्या साक्षीशिवाय सिद्ध करता येत नाही. साक्षीदार वगळल्यामुळे राष्ट्रीय धारेने स्वतःचाच युक्तिवाद दुबळा केला.

दुसरी उणीव सामाजिक विषमतेच्या आकलनाची. पिसू जात पाहत नाही, असे सहज म्हटले जाते. परंतु उंदीर घर पाहतो. धान्याच्या वखारी, अंधाऱ्या व कोंदट चाळी, मातीच्या भिंती आणि दाटीची वस्ती जेथे, तेथे उंदीर व पिसवा अधिक. म्हणजेच मृत्यूची वाटणी घरांच्या वाटणीनुसार झाली. ऑक्टोबर १८९६ मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांनी आर्थर रोड इस्पितळावर केलेला हल्ला, त्यांचे गावाकडे निघून जाणे, मजुरांच्या टंचाईने गिरणीमालकांची झालेली कोंडी आणि १८९८ मध्ये स्थापन झालेला मुंबई सुधार न्यास या सर्व घटनांचे एकत्रित आकलन कीटक व घर यांच्या संबंधातूनच होऊ शकते. राजनारायण चंदावरकर व डेव्हिड अर्नोल्ड यांच्यासारख्या अभ्यासकांनी प्लेगच्या राजकारणाची मार्मिक चिकित्सा इंग्रजीतून केली आहे. त्यांच्या लेखनातही राज्यसंस्था आणि शरीर हे केंद्रस्थानी आहेत. वाहकाचे जीवशास्त्र पार्श्वभूमीला राहते.

तिसरी उणीव सर्वांत गंभीर आहे. प्लेगने महाराष्ट्राच्या सार्वजनिक जीवनातून कोणाला नेले, याचा ताळेबंद मांडलाच गेला नाही. ९ फेब्रुवारी १८९७ रोजी नारायण मेघाजी लोखंडे प्लेगने गेले. भारतातील कामगार चळवळीचा पाया घालणारा, ‘दीनबंधू’ चालविणारा आणि सत्यशोधक विचार गिरणगावात नेणारा हा नेता होता. त्यानंतर एका महिन्याने, १० मार्चला, सावित्रीबाई गेल्या. जोतीराव फुले १८९० मध्येच निवर्तले होते. अर्थात सत्यशोधक चळवळीचे दोन आधारस्तंभ एकाच साथीत, एका महिन्याच्या अंतराने कोसळले. त्यानंतरच्या दशकात ही चळवळ मंदावली व पुढे कोल्हापूरच्या शाहू महाराजांच्या आश्रयाने तिने नवे रूप घेतले. या मंदावण्यास एकच एक कारण देणे योग्य नव्हे. परंतु नेतृत्वाच्या या आकस्मिक हानीचा विचार न करता केलेले विवेचन अपुरे ठरते. १८९७ म्हटले की रँडचा वध आठवतो. त्याच वर्षी बहुजन चळवळीवर झालेला हा आघात आठवत नाही. टिळक प्लेगच्या काळात पुण्यात राहिले, त्यांनी रुग्णालय काढले व ते वाचले. लोखंडे व सावित्रीबाई रुग्णांमध्ये वावरल्या आणि गेल्या. या फरकात कोणाच्याही धैर्याची तुलना अभिप्रेत नाही. एका कीटकाने मराठी सार्वजनिक जीवनाचा तोल कोणत्या बाजूला झुकविला, एवढेच लक्षात घ्यावयाचे आहे.

एक आक्षेप व त्याचा विचार

या मांडणीवर एक आक्षेप संभवतो. इतिहासाचे कर्तेपण पिसवेकडे दिल्यास माणसाची जबाबदारी पुसली जात नाही काय? सारे काही कीटकाने केले, तर रँड निर्दोष ठरतो, वसाहतवादी राज्यही निर्दोष ठरते. हा आक्षेप दुर्लक्षिण्याजोगा नाही. कीटक-नियतिवाद हा भौगोलिक नियतिवादाइतकाच एकांगी होय.

तथापि येथे दोन प्रश्न वेगळे करावे लागतात. माणसे का मेली, याचे उत्तर पिसू, उंदीर व घर यांच्या साखळीत आहे. माणसांची विटंबना का झाली, याचे उत्तर राज्यसंस्थेच्या निर्णयांत आहे. झडतीसाठी सैन्य वापरणे हा निर्णय होता. तो पिसवेने घेतला नव्हता. १८९७ मध्ये शास्त्र अपुरे होते, ही सबब रोगनिदानातील चुकीला लागू पडते, माणुसकीच्या अभावाला लागू पडत नाही. उलट पिसवेला तिची जागा दिली की राज्यसंस्थेची जबाबदारी अधिक नेमकेपणाने ठरविता येते.

दुसरा मुद्दा कालविपर्यासाचा. १८९७ मध्ये लिहिणाऱ्यांना पिसू ठाऊक नव्हती, म्हणून केसरीच्या अग्रलेखांना किंवा चापेकरांच्या आत्मवृत्ताला दोष देता येत नाही. परंतु विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकानंतर हे ज्ञान सर्वत्र उपलब्ध होते. त्यानंतर लिहिल्या गेलेल्या चरित्रांना व इतिहासग्रंथांना ही सवलत देता येणार नाही.

विदर्भाचा संदर्भ

हा प्रश्न केवळ पुण्या-मुंबईच्या भूतकाळाचा नाही. ऑगस्ट १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातील मामला या गावी पिसवांचा सुळसुळाट झाला व गाठीच्या प्लेगचे संशयित रुग्ण आढळले. सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर रिकामी पडलेली घरे आणि त्यांत साठलेले धान्य यांच्याशी त्याचा संबंध जोडला गेला. शंभर वर्षांनंतरही धान्य, उंदीर व घर ही त्रयी कायम होती.

विदर्भाच्या नावावर तर एक विषाणूच आहे. १९६५ मध्ये नागपूर परिसरातील चांदिपुरा येथील तापाच्या रुग्णांच्या रक्तातून पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांनी एक नवा विषाणू वेगळा केला व त्यास गावाचे नाव दिले. वालुमाशीमार्फत पसरणाऱ्या या विषाणूकडे बराच काळ फारसे लक्ष गेले नाही. २००३ मध्ये तत्कालीन आंध्र प्रदेशात व महाराष्ट्रात मुलांमध्ये मेंदूज्वराची साथ आली, तेव्हा त्याचे भीषण रूप प्रकट झाले. एकट्या आंध्र प्रदेशात ३२९ बालरुग्णांपैकी १८३ दगावले. पुढेही विदर्भात त्याचे उद्रेक होत राहिले. वालुमाशी मातीच्या भिंतींच्या भेगांत, गोठ्याच्या ओलाव्यात वाढते. म्हणजे येथेही मृत्यूचा पत्ता घराच्या पत्त्यावरूनच शोधावा लागतो. जगाच्या विषाणूशास्त्राच्या पुस्तकांत विदर्भातील एका वस्तीचे नाव आहे. विदर्भाच्या इतिहासाच्या पुस्तकांत मात्र ते शोधावे लागते.

यवतमाळ जिल्ह्याच्या बाबतीत आणखी एक विसंगती जाणवते. या जिल्ह्यात कीटक हा शब्द उच्चारला की बोंडअळी आठवते. २०१७ मध्ये कपाशीवर कीटकनाशक फवारताना विषबाधा होऊन जिल्ह्यातील वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर मृत्युमुखी पडले, तेव्हा कीटक, पीक व माणूस यांचे नाते राज्यभर चर्चेत आले. पिकावरील कीटकाची नोंद पंचनाम्यात होते, नुकसानीचे हेक्टर मोजले जातात. माणसावरील कीटकाची नोंद बहुधा ‘ताप’ एवढ्या एका शब्दात संपते. ब्रिटिश काळातील मृत्युनोंदींतही ‘ताप’ हाच सर्वांत मोठा रकाना असे आणि हिवतापासह अनेक रोग त्यात गाडले गेले. तहसील कार्यालयांतील जुनी कोतवाल बुके आज जातपडताळणीच्या पुराव्यासाठी चाळली जातात. त्यांतील जातीचा रकाना वाचला जातो, मृत्यूच्या कारणाचा रकाना कोणी वाचत नाही. कोणत्या वर्षी, कोणत्या महिन्यात, गावाच्या कोणत्या भागात तापाने माणसे गेली, हे त्या नोंदींवरून मांडता आले, तर जिल्ह्याचा एक अलिखित इतिहास हाती लागेल.

या प्रदेशाला कीटकांचे भान नव्हते असे मात्र नाही. गाडगे महाराजांनी हातात खराटा घेऊन गावे झाडली आणि तुकडोजी महाराजांनी ‘ग्रामगीते’त ग्रामशुद्धी व आरोग्य यांना अध्यात्माच्या बरोबरीचे स्थान दिले. या कार्याकडे संतपरंपरेचा विस्तार म्हणून पाहिले जाते व ते योग्यच आहे. त्यासोबत लोकारोग्याच्या इतिहासातील एक टप्पा म्हणूनही त्याची चिकित्सा व्हावयास हवी. स्वातंत्र्योत्तर काळात १९५३ मध्ये राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. देशातील हिवतापाचे रुग्ण १९६५ पर्यंत सुमारे एक लाखावर आले आणि १९७६ मध्ये पुन्हा ६४ लाखांवर गेले. केवळ फवारणीवर विसंबलेल्या यंत्रणेच्या मर्यादा त्यातून दिसतात. खराटा आणि फवारणीचा पंप यांतील हा फरक विदर्भाच्या अभ्यासकांनी विशेषत्वाने तपासण्याजोगा आहे.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) १८९६-९७ च्या प्लेगसंबंधी मराठी लेखन संघर्ष, सेवा व मौखिक स्मृती या तीन धारांत विभागलेले आहे. पहिल्या दोन धारांत रोगवाहक कीटकाचा जवळजवळ अभाव आहे. मौखिक धारेत त्याच्या आसपासचे ज्ञान आढळते.

२) या अभावामुळे साथ ओसरण्याची कारणे, मृत्यूंचे सामाजिक वितरण व सत्यशोधक नेतृत्वाची हानी या तीन बाबींचे आकलन अपुरे राहिले.

३) कीटकाला इतिहासात स्थान दिल्याने राज्यसंस्थेची जबाबदारी कमी होत नाही, तर ती अधिक काटेकोरपणे निश्चित होते.

४) चांदिपुरा विषाणू, हिवताप व कीटकनाशकांची विषबाधा यांचा एकत्रित विचार करून विदर्भाचा आरोग्य-इतिहास लिहिला जाणे आवश्यक आहे. त्यासाठी इतिहास, प्राणिशास्त्र, मराठी व समाजशास्त्र या विभागांनी महाविद्यालयीन पातळीवर एकत्र येऊन मृत्युनोंदी व मौखिक स्मृतींचे संकलन करावयास हवे. अशा कामासाठी मोठ्या निधीची गरज नाही. तहसीलच्या दप्तरात बसण्याची तयारी आणि गावातील वृद्धांचे ऐकून घेण्याची सवड मात्र लागेल.

मारबतीच्या हाळीत डास आणि ढेकूण यांना दरवर्षी गावाबाहेर जाण्यास सांगितले जाते, आणि दरवर्षी ते परत येतात. हाळी देणाऱ्यांना हे ठाऊक असते, म्हणूनच पुढच्या पाडव्याला ती पुन्हा दिली जाते. इतिहासलेखनाने मात्र त्यांना एकदाच वेशीबाहेर घालविले आणि पुन्हा मागे वळून पाहिले नाही.